दुसरी किल्ली

धुळ्याला देवपुरात मी ज्या घरात भाड्यानं राहत होतो, त्या घराच्या मालकीणबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची, म्हणून मीही सिस्टरच म्हणायचो. त्या खाली, मी वर. ही गोष्ट १९९२ सालच्या पावसाळ्यातली. बदली होऊन आलो होतो आणि मुलांच्या शाळेमुळे बिऱ्हाड जळगावलाच ठेवलं होतं. शनिवारी संध्याकाळची एस.टी. धरायची, पारोळा-एरंडोल करत घर गाठायचं आणि सोमवारी पहाटे परत निघायचं, असा क्रम होता.

एकदा सकाळी नळावर बादली लावून उभा होतो. सिस्टर ड्युटीला निघाल्या होत्या. जाता जाता थांबून म्हणाल्या, "काय भाऊ, रातले झोप नही लागनी का? तीन वाजता लाइट चालू व्हता वर."

वाचत बसलो होतो, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. रात्री तीनला मी छताकडे बघत पडलेलो असे. भीती वाटू लागली की दिवा लावायचा, दिवा लावला की आपण घाबरलोय हे पक्कं कळायचं, मग पुन्हा दिवा बंद. असं महिनाभर चाललं होतं.

कारण सांगतो. आधीच्या शाखेत असताना मी विहिरी आणि मोटारींसाठी काही कर्जं मंजूर केली होती. त्यातल्या काही विहिरी कागदावरच खणल्या गेल्या होत्या. प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिल्याच्या अहवालावर सही माझी. काही ठिकाणी मी खरंच गेलो होतो. काही ठिकाणी गेलो नव्हतो. हाताखालच्या माणसानं 'साहेब, मी पाहून आलोय' म्हटलं आणि मार्चअखेरच्या गर्दीत मी सही ठोकली. पैसा खाल्ला नव्हता, पण हलगर्जीपणा केला होता, आणि तो नाकारता येण्यासारखा नव्हता. त्यात १९९२ हे साल रोखे घोटाळ्याचं. मुंबईत मोठे मासे जाळ्यात सापडले की तालुक्याच्या शाखेतल्या बोंबलांचीही मोजदाद सुरू होते. माझ्याकडे लेखी स्पष्टीकरण मागवण्यात आलं. पुढे चौकशी होणार हे दिसतच होतं. पदरात दोन मुलं, घराचे हप्ते चालू, आणि घरी बायकोला यातलं काही सांगितलेलं नाही!

चिता आणि चिंता यांत एका अनुस्वाराचा फरक, हे वाक्य मी बँकेतल्या प्रत्येक निरोप समारंभात ऐकलेलं आहे. त्या वाक्यानं कुणाला एका रात्रीची तरी झोप मिळाल्याचं मला आठवत नाही.

सिस्टर नवापूरकडच्या. (नंदुरबार जिल्हा १९९८ साली वेगळा झाला; तेव्हा नवापूर धुळे जिल्ह्यातच होतं.) घरची बोली मावची, पण धुळ्यात आयुष्य गेल्यामुळे तोंडात अहिराणी बसलेली. आजोबांच्या वेळेपासून घर ख्रिस्ती. नवरा लवकर वारला होता आणि एक मुलगा होता, विशी-बाविशीचा. मी आलो त्याच्या आदल्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्या खराब झाल्याचं निदान झालं होतं. म्हणजे माझ्या फायलीच्या चिंतेपुढे त्यांची चिंता डोंगराएवढी. पण मी रात्री तीनला जागा असायचो आणि त्या झोपलेल्या असायच्या.

घर जुनं, वरची जमीन लाकडी फळ्यांची. खालचं बोलणं वर सहज ऐकू यायचं. रोज रात्री साडेनऊच्या सुमाराला सिस्टर प्रार्थना करायच्या. त्यात गाणं-बिणं काही नसे. त्या नुसती नावं घ्यायच्या. आधी मुलाचं, मग भावाचं, भाच्यांचं, मग वॉर्डातल्या पेशंटांचं. पेशंटांची नावं रोज बदलायची. एखादं नाव चार दिवस ऐकू यायचं आणि पाचव्या दिवशी यायचं नाही. तो माणूस बरा होऊन घरी गेला की गेलाच, हे वरून कळायला मार्ग नसे. सगळी नावं घेऊन झाली की दिवा बंद. आमच्या बँकेत संध्याकाळी रोकड मोजून, पुस्तकाशी ताळा घालून स्ट्राँग रूम बंद करतात, तसं.

एकदा मी त्यांना हे म्हटलंही. वर आणखी सांगितलं, की आमची तिजोरी एका किल्लीनं उघडत नाही. दोन किल्ल्या लागतात, दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. दोन्ही किल्ल्या एकाच्याच खिशात असणं हा आमच्याकडे गुन्हा समजतात. सिस्टर हसल्या. म्हणाल्या, "मंग तुमी रातले दोन्ही किल्ल्या खिशात घालीसन कसा काय झोपतस भाऊ? एक त्यानाजोडे दी टाका ना." 'त्याना' म्हणताना त्यांनी बोट वर केलं, ते छताकडे, म्हणजे माझ्याच खोलीकडे गेलं.

त्यांच्याकडे एका जुन्या पेटीत पुस्तकं होती. त्यातलं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' त्यांनी मला वाचायला दिलं. विजया मेहतांनी दूरदर्शनसाठी केलेलं त्याचं चित्ररूप मी पूर्वी पाहिलं होतं, सुहास जोशी त्यात लक्ष्मीबाई झाल्या होत्या. पुस्तक मात्र वाचलं नव्हतं. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसानं हे कबूल करायला लाज वाटली पाहिजे. ते मी रात्री तीनला वाचायला घेतलं. म्हणजे सिस्टरांना सांगितलेलं खोटं नंतर का होईना खरं झालं.

चिंता म्हणजे काय ते लक्ष्मीबाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा, माहेर गोखल्यांचं. १८५७ नंतर आजोबांना इंग्रजांनी फाशी दिलं, त्या धक्क्यानं वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं वेड शिरलं. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही, असं ते घर. पुढे अकरा-बारा वर्षांच्या वयात लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी. टिळक मोठे कवी, मनानं राजा आणि संसाराला कुचकामाचे. पैसा हाती आला तर तो घरापर्यंत पोचेलच याची खात्री नाही आणि टिळक सकाळी बाहेर पडले तर संध्याकाळी परततीलच याचीही नाही. न सांगता निघून जायचे आणि महिनोन् महिने पत्ता नसायचा. आज या गावी, उद्या त्या गावी. अशा माणसाच्या बायकोला रात्री काय झोप लागत असेल?

१८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं टिळकांच्या हातात बायबल ठेवलं. ते वाचत वाचत टिळक डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथे अडकले ते कायमचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन मागे राहिल्या. नवरा जिवंत आणि संसार मोडलेला! शोकानं त्यांची अवस्था वेड्यासारखी झाली. पुढची चार-पाच वर्षं नातलगांच्या आधारानं गेली, पंढरपूर-नाशिक करत. नंतर त्या टिळकांकडे नगरला आल्या, तेव्हाही स्वतःचं सोवळं सांभाळून, स्वयंपाक-पाणी वेगळं ठेवून. नवऱ्याचा धर्म बदलला म्हणून बायकोनं बदलायचा, हा हिशेब त्यांना मान्य नव्हता. एकाच अंगणात दोन धर्म राहत होते. १९०० साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो आपल्या पायांनी चालत जाऊन, कुणी ओढून नेलं म्हणून नव्हे. जातीची उतरंड देवानं रचली की माणसानं, हा प्रश्न स्वतःला विचारून त्यांनी स्वतःच उत्तर काढलं.

आता इथे मी बँकवाल्याच्या सवयीनं एक गोष्ट तपासून पाहिली. श्रद्धा आल्यावर लक्ष्मीबाईंच्या खात्यात जमा काय झालं? पैसा नाही. टिळक होते तसेच राहिले. उलट १९१७ साली त्यांनी मिशनचा पगारच सोडून दिला आणि ख्रिस्ती संन्यासी होऊन साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. ९ मे १९१९ रोजी ते गेले. मागे पुंजी म्हणावी असं काही नव्हतं. वयाच्या पन्नाशीत लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनची नोकरी धरली. पुढे मुलाबरोबर कराचीला गेल्या. म्हणजे परिस्थितीच्या रकान्यात सगळं उणेच. तरीही पुस्तकाच्या दुसऱ्या अर्ध्यात एक बदल झालेला दिसतो, तो असा की ही बाई आता स्वतःच्या फजितीला मनापासून हसते. पहिल्या अर्ध्यातही विनोद आहे, पण तिथे तो जखमेवरचा फडका आहे. नंतरचा विनोद मोकळा आहे, भिणं संपलेल्या माणसाचा. हे माझं मत. समीक्षकांना पटेल न पटेल.

हे समाधान गप्प बसण्याचं मात्र नाही. लक्ष्मीबाई कुठेच गप्प बसत नाहीत. नवऱ्याशी भांडतात, कुणाचंही कौतुक करताना आधी त्याची खोड काढतात. मागे राहिलेलं टिळकांचं 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे लिहीत नेलं. 'देवानं ठेवलंय तसं राहा' असं गरिबाला सांगणारी जी भक्ती असते, ती मला पहिल्यापासून संशयास्पद वाटत आली आहे. ती सांगणाऱ्याचं पोट बहुधा भरलेलं असतं. दुसरीकडे, प्रार्थना करा आणि कर्ज फिटेल, नोकरी लागेल, अशी जाहिरात करणारेही आहेत. मी तारण न बघता कर्ज दिलं, ते लोक न बघता ठेवी घेतात. सिस्टर या दोन्ही जातींच्या नव्हत्या, हे मला त्यांचं विशेष वाटे.

आपल्या खानदेशाला या टिळकांच्या घराचा एक धागा फार जवळून लागलेला आहे. १९०७ साली जळगावला महाराष्ट्र कविसंमेलन भरलं, अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. तिथे धरणगावचा एक सतरा वर्षांचा पोरगा उभा राहिला आणि त्यानं कविता म्हटली. त्र्यंबक बापूजी ठोमरे त्याचं नाव. कीर्तिकरांनी त्याला तिथेच 'बालकवी' ही पदवी दिली. टिळक त्या संमेलनाला होते. त्यांनी पोराला जवळ केलं आणि हा मुलगा पुढे त्यांच्याकडे नगरला राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर आईसारखी माया केली. तो ख्रिस्ती झाला नाही, आणि त्याच्यावाचून त्या घरात त्याचं काही अडलंही नाही.

या मुलाबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे, कारण माझ्या चिंतेच्या दिवसांत मला टिळकांपेक्षा तोच जवळचा वाटत होता. आनंदाची गाणी त्यानं लिहिली, ती आपण सगळ्यांनी शाळेत घोकली. पण त्याच लेखणीतून 'औदुंबर' उतरलं, आणि मनाला ग्रासणाऱ्या उदासीच्या कविताही उतरल्या. ज्या घरात रोज प्रार्थना होत होती, जिथे पोटच्या पोरासारखी माया मिळत होती, तिथे राहूनही त्याच्या मनाला ठाव सापडला नाही. ५ मे १९१८ रोजी जळगाव आणि भुसावळ यांच्या मधल्या भादली स्टेशनात रूळ ओलांडताना तो गाडीखाली सापडला. वय अठ्ठावीसही पुरं नाही. त्यानंतर जेमतेम वर्षभरानं टिळक गेले.

पॅसेंजरनं भुसावळला जाताना भादली आलं की मी अजून खिडकीतून बघतो. बघण्यासारखं काही नसतं. लहानसं स्टेशन, पलीकडे केळीच्या बागा. श्रद्धेच्या सहवासात राहिलं की शांती आपोआप लागते, असं कुणी म्हणालं की मला भादली आठवते. शांती काही गोवरासारखी शेजाऱ्याकडून येत नाही. आणि काही माणसांची उदासी ही नुसती चिंता नसते, तो आजार असतो. आज त्याला डॉक्टर आहेत, औषधं आहेत. १९१८ मध्ये ती सोय नव्हती. सिस्टरनीही मला प्रार्थना कर असं कधी सांगितलं नाही. दवाखान्यात येऊन ब्लडप्रेशर मोजून घ्या, असं मात्र दोनदा बजावलं, आणि ते वाढलेलं निघालं.

मी ते डोंगरावरचं प्रवचन काढून वाचलं. पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, तरी त्यांना खायला मिळतं. रानातली फुलं कातत नाहीत, तरी त्यांचा थाट राजाला लाजवणारा. मग उद्याची काळजी आज का वाहायची, अशा आशयाचं ते बोलणं. खरं सांगायचं तर शेतकऱ्याच्या मुलाला हे पटकन पचत नाही. वडिलांनी न पेरता आम्ही काय खाल्लं असतं? रावेर-यावलकडे मे-जूनमध्ये वादळ आलं, तर उभी केळी तासाभरात आडवी होते. त्या शेतकऱ्याला फुलांचं काय सांगायचं? मी सिस्टरना हे विचारलं. त्या कळण्याची भाकरी थापत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, की पाखरू घरी बसून खातं असं मला कुणी सांगितलं? पहाटेपासून अंधार पडेपर्यंत ते काम करतं. फक्त रात्री करत नाही.

त्यांच्या बायबलात पेन्सिलीनं खूण केलेलं दुसरं पान होतं ते पौलाच्या फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राचं. हे पत्र पौलानं कैदेत असताना लिहिलं. पुढे सुटका होणार की मरण येणार ते माहीत नाही, आणि हा माणूस मित्रांना आनंदात राहा म्हणून कळवतो. त्यांनी पाठवलेल्या मदतीबद्दल आभार मानतो. आणि सांगतो की भरल्या ताटाशी आणि रिकाम्या ताटाशी सारखंच राहायला आपण शिकलो आहोत. मला त्यातलं 'शिकलो' फार धीराचं वाटलं. म्हणजे हे त्याला उपजत नव्हतं. इतक्या मोठ्या माणसालाही ते घोकावं लागलं, चुकत-माकत शिकावं लागलं.

कैदेचा विषय निघाला म्हणून सांगतो. मी राहत होतो त्याच धुळे शहरातल्या तुरुंगात १९३२ साली, २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात, दर रविवारी विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरून घेतलं. ती 'गीता प्रवचने' आपल्या घराघरात आहेत. बोलणारा कैदी आणि ऐकणारेही कैदी! त्याच विनोबांनी पुढे 'ख्रिस्तधर्म-सार' ही सिद्ध केलं. टिळक स्वतः म्हणत, की तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापाशी पोचलो. मी वारकरी घरातला. माझी वाट उलटी झाली म्हणा. सिस्टरांच्या पेटीतली पुस्तकं वाचून मी जळगावच्या घरातली गाथा पुन्हा उघडली, ती वीस वर्षांनी. धर्म बदलायचा विचार माझ्या मनात आला नाही आणि सिस्टरनीही तो कधी काढला नाही.

त्या आठवड्यात जळगावला गेल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढंच ना? मला वाटलं तुम्हाला काही आजारच झालाय." मग मी स्पष्टीकरण लिहायला बसलो. आधीच्या तीन मसुद्यांत दोष दुसऱ्यावर ढकललेला होता. चौथ्यात लिहिलं, की इतक्या विहिरी मी पाहिल्या, इतक्या पाहिल्या नाहीत, सही माझी आहे. त्या रात्री झोप लागली. ती श्रद्धेनं लागली की खरं लिहिल्यानं, याची वाटणी मला आजही करता येत नाही. चौकशी पुढे तीन वर्षं रेंगाळली आणि दोन वेतनवाढी गेल्या. नोकरी राहिली. चिंता काही कायमची गेली नाही. निवृत्तीनंतरही ती अधूनमधून येते, पण आता ती पाहुण्यासारखी येते, घरमालकासारखी नाही.

हे सगळं इथेच थांबवता आलं असतं. पण सिस्टरांच्या मुलाचं सांगितल्याशिवाय ते खोटं ठरेल.

मुलाला त्या मुंबईला नेत, आणत. रजा संपल्या, मग बिनपगारी रजा, मग दागिने. १९९४ च्या मार्चमध्ये तो गेला. नवापूरकडची माणसं आली, चर्चमधली आली, गल्लीतली सगळी आली. पाद्री बोलायला उभे राहिले तेव्हा सिस्टर त्यांच्याकडे बघतही नव्हत्या. त्यानंतरचे तीन रविवार त्या चर्चला गेल्या नाहीत. साडेनऊला खालून काही ऐकू येईना. रात्री तीनला मला जाग यायची ती आता त्या शांततेनं. आणि फळ्यांच्या फटीतून खालचा दिवा जळताना दिसायचा. एकदा मी खाली उतरलो. त्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. काय बोलावं मला सुचेना. किल्लीचं तर नाहीच नाही. त्यांनी उठून चहा टाकला. आम्ही दोघं काही न बोलता तो प्यायलो. कप विसळताना त्या पाठमोऱ्या म्हणाल्या, "मी त्याले खूप बोलनू भाऊ. खूप शिव्या दिन्यात." 'त्याले' म्हणजे कुणाला, हे मी विचारलं नाही.

चौथ्या आठवड्यात, वार आठवत नाही, मी वर अंथरूण घालत होतो. साडेनऊ वाजून गेले होते. खालून सिस्टरांचा आवाज आला. पहिलं नाव मुलाचंच होतं, त्याच्या नेहमीच्या जागी. त्यानंतर आवाज थांबला. इतका वेळ थांबला की मला वाटलं, आता पुढे काही यायचं नाही. मग भावाचं नाव आलं. भाच्यांची आली. वॉर्डातली पाच-सहा आली, सगळी मला नवी. शेवटी माझं आलं, वरच्या साहेबांचं म्हणून. ते त्या यादीत कधीपासून होतं कोण जाणे, मी तोवर तिथवर कधी जागा राहिलो नव्हतो किंवा लक्ष दिलं नव्हतं.

मग दिवा बंद झाला.